इंदू डॉक्टर आणि सईची वार

सई आणि ओंकार,

तुम्हा दोघांना मी एकत्रच लिहिते आहे, कारण एकालाच लिहिलं तर दुसरा फुगून बसतो, हे मला तुम्ही लहान होतात तेव्हापासून माहीत आहे. खरं म्हणजे हे सईसाठी आहे. ओंकारने शेजारी बसून वाचावं. त्याचाही यात उल्लेख आहे, फार गौरवाचा नाही, पण आहे.

मागच्या रविवारी सई फोनवर म्हणाली, "आजी, इथली बाळंतपणाची डॉक्टर विचारत होती, तुझ्या आईला तुझ्या वेळी बीपीचा त्रास झाला होता का? आईला विचारलं तर म्हणाली, मला नीट आठवत नाही, आजीला विचार." मीनाला आठवत नाही यात नवल नाही. त्या दिवसांतला बराचसा वेळ ती गुंगीत होती. मला सगळं आठवतं. मी एवढंच सांगितलं, "हो, झाला होता. चांगलाच झाला होता. डॉक्टरला उद्याच्या उद्या कळव." सईने कळवलं आणि तिला आता रोज एक छोटी गोळी सुरू झाली आहे. फोनवर तेवढं पुरे होतं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, त्रासाची माहिती पोरीला मिळाली आणि तो ज्यांनी निस्तरला त्यांची मिळालीच नाही. म्हणून इंदू डॉक्टरांबद्दल लिहायला बसले. मुद्देसूद लिहायचं ठरवलं होतं. पण इंदूताई स्वतःच मुद्देसूद नव्हत्या, त्याला मी काय करणार?

रत्नागिरीत माळनाक्याकडच्या आमच्या गल्लीत आपल्या घरापासून तिसरं घर त्यांचं. खाली छोटं प्रसूतिगृह, वर त्या एकट्या. लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलंच तर म्हणत, "दिवसभर दुसऱ्यांच्या सासवा सांभाळते. घरी आणखी एक कशाला?" अंगाने काटकुळ्या, चालणं असं की मागून कोणीतरी पैजेवर पाठवलं आहे, आणि आवाज तीन घरांपलीकडे जाणारा. त्यांच्याकडे गुपित सांगायला गेलेली बाई बाहेर आली की गल्लीतल्या बायका तिच्याकडे सहानुभूतीने बघत. सगळ्यांना सगळं ऐकू आलेलं असे.

माणूस भेटलं की आपण तोंडाकडे बघतो, इंदूताई पायांकडे बघत. एकदा आमच्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. शेजारची नवी सून सगळ्यांना वाकून नमस्कार करत होती. ती यांच्यापाशी आली तशी याच खाली वाकल्या आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. पोरगी भेदरली. अंगठा काढल्यावर तिथे खळगा राहिला.

"कितवा?" इंदूताईंनी विचारलं.

पोरीने लाजून बोटं दाखवली. सासूला तेव्हाच कळलं. डाळ आणि पन्हं तसंच राहिलं आणि बाकीचं हळदीकुंकू त्यांच्या दवाखान्यात झालं.

त्यांच्या खांद्याला कायम एक खादीची पिशवी असे. तीत पाऱ्याचं बीपीचं यंत्र. लग्नाला, मुंजीला, गणपतीच्या आरतीला, कुठेही गेल्या तरी ती पिशवी बरोबर. "आधी हात, मग बोलणं," हे त्यांचं वाक्य. तुम्ही काय सांगायला आलात, कोण गेलं, कोणाचं जमलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. आधी हात पुढे करायचा, पट्टा बांधून घ्यायचा, पारा खाली आला की मग तोंड उघडायचं. आमच्या भटजींनी एकदा सत्यनारायणाच्या पूजेत संकल्प सोडायला हात पुढे केला आणि इंदूताईंनी त्यावर पट्टा बांधला. पूजा थांबली. भटजींचं बीपी यजमानांपेक्षा जास्त निघालं.

पण त्यांच्या दवाखान्याची खरी ख्याती बाकामुळे होती. तपासायच्या आधी गरोदर बाईने त्या बाकावर पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, तोंड बंद. त्याशिवाय बीपी खरं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. आता रत्नागिरीच्या माणसाला पाच मिनिटं गप्प बसवणं हे बाळंतपण करण्यापेक्षा अवघड. सुना बसत. सासवांचं काय करायचं? मालगुंडहून एक सासूबाई सुनेला घेऊन येत. सून बाकावर बसली की यांचं सुरू, "नीट बस गो. पदर घे. डॉक्टरीणबायला सांग काय ते. माझ्या वेळेला असला काय नव्हता." सुनेचं बीपी बघता बघता चढे. इंदूताईंनी दोन वेळा ऐकून घेतलं. मग त्या बाईंना म्हणाल्या, "आजी, एक काम कराल? मागच्या विहिरीत पाणी किती आहे तेवढं बघून या." आजी गेल्या, सुनेचं बीपी उतरलं. पुढच्या खेपेलाही विहीर. त्याच्या पुढच्या खेपेलाही. शेवटी आजी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाय, तुमच्या इहिरीची येवढी काळजी कशाला वो? आटली तर मी सांगंन ना!"

इंदूताई म्हणाल्या, "आजी, विहिरीचं बीपी बघायला दुसरं कोणी भरवशाचं नाही हो."

पुढच्या वेळेला आजी न सांगता विहिरीकडे गेल्या.

दवाखान्यात देवाच्या तसबिरीखाली त्यांनी खडूने लिहून ठेवलं होतं, 'येथे पित्त हा शब्द उच्चारू नये.' आपल्याकडे हा शब्द उच्चारू नये म्हणजे जेवू नये म्हटल्यासारखंच. डोकं दुखलं, पित्त. उलटी झाली, पित्त. सून रुसली तरी पित्त. आणि सगळ्यावर एकच उपाय, आमसुलाचं पाणी. इंदूताई म्हणत, "एरवी खुशाल प्या. पोटुशी बाई डोकं दुखतं म्हणाली, छातीखाली दुखतं म्हणाली, डोळ्यांपुढे चमकतं म्हणाली, तर ते पित्त नाही, असं समजून आधी माझ्याकडे यायचं. पित्त असेल तर मी परत पाठवीन. आमसुलं कुठे पळून जात नाहीत." एवढा राग का, हे मी एकदा विचारलं होतं. "आमच्या घरात एका पोटुशीला असंच पित्त झालं होतं," म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघून गेल्या. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

आता वारेबद्दल. सई, तुझी डॉक्टर जिला प्लॅसेंटा म्हणते ती वार. बाळ आणि आई यांच्यामधलं सगळं देणंघेणं तिच्यातून होतं. बाळंतपण झालं की सगळे बाळाकडे धावतात. इंदूताई बाळ नर्सच्या हातात देत आणि स्वतः वार घेऊन खिडकीशी जात. पांढऱ्या ट्रेमध्ये ती धुवायची, दोन्ही तळव्यांनी पसरायची, उलटी करायची, कडेने बोट फिरवायचं. बाजारात पापलेट घेताना आपण कल्ला उचलून बघतो ना, तितक्या बारकाईने. मग घरच्यांना हाक. "या, बघा. नऊ महिने राबली आहे. पोराला नावं ठेवायला आख्खा जन्म आहे, हिला निदान एकदा बघा तरी." मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेले एक बाप मोठ्या धीराने बघायला गेले आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना पाणी दिलं गेलं. इंदूताईंनी त्यांचंही बीपी घेतलं.

तर मीना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तुमचे बाबा मुंबईत नोकरीला. घरात मी, तुमचे आजोबा आणि माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या मोठ्या आई. मी मुंबईला गेले होते तेव्हा गरोदरपणावरचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं होतं, त्यात खुणेचे कागद घालून ठेवले होते. इंदूताईंनी ते चाळलं आणि परत दिलं. "छान आहे, वैनी. फक्त यातल्या बाईला सासू नाही. आपल्याकडे कसं चालायचं?"

सातव्या महिन्यात मीनाचं बीपी चढलेलं निघालं. थोडंच. इंदूताईंनी गोळी सुरू केली आणि रोज सकाळी येऊन बघणार असं सांगितलं. स्पिरिटच्या दिव्यावर काचेच्या नळीत लघवी तापवून बघायच्या. ती पांढरी व्हायला लागली की काळजी. त्या वेळी झाली नव्हती. मोठ्या आईंनी ऐकलं आणि मीनाचं मीठ बंद करून टाकलं. आळणी वरण, आळणी पेज. तीन दिवसांनी इंदूताईंना कळलं.

"मोठ्या आई, मीठ तोडून हे बीपी उतरत नाही. पोरगी उतरते."

"बीपी डोक्यात चढतं ना गो? मग पोटातल्या वारेशी त्याचा संबंध काय? तू सारखी वार वार करत्येस ती?"

झालं. इंदूताईंनी पदर खोचला. आम्ही अंगणात होतो. मी त्या सकाळी उडदाचे पापड लाटून चादरीवर वाळत घातले होते, ओळीने.

"तुम्ही केळीला पाणी कसं देता?"

"पाटाने."

"पाट रुंद असतो. पाणी सावकाश येतं, आळ्यात जिरतं. बाईला दिवस गेले की पहिल्या काही महिन्यांत वार हेच करते. आईच्या रक्तवाहिन्या गर्भाशयात जिथे उघडतात तिथे शिरते आणि त्या रुंद करून घेते. पाट खणते. मग पोराला रक्त भरपूर मिळतं आणि शांतपणे मिळतं. काही जणींत हे खणायचं काम अर्धवट राहतं. का राहतं ते मला विचारू नका. मला पुरतं ठाऊक नाही आणि वैनींच्या पुस्तकालाही नाही." एवढं म्हणून त्यांनी बागेचा पाइप उचलला आणि त्याच्या तोंडावर अंगठा दाबला. पाण्याची धार सुटली ती केळीच्या बुंध्यावर आदळली, माती उडाली, मुळं उघडी पडली. "बघा. जोर केवढा! आणि आळं कोरडंच."

हे सांगताना त्या वळल्या. धारही वळली.

"आणि पापड ओले," मी म्हटलं.

"वैनी, मध्ये बोलू नका. ह्या जोराने वारेचा काही भाग खराब होतो. सुकतो, कडक होतो. बाळाला खायला कमी पडतं. आणि उपाशी वार काय करते? कांगावा. आईच्या रक्तात नाही नाही ते सोडते. त्याने सगळ्या अंगातल्या वाहिन्या आवळतात, बीपी आणखी वर जातं. मूत्रपिंड, यकृत, डोकं, सगळ्यांना ताप."

मोठ्या आईंनी विचार केला. "म्हणजे तंडायचं वारेनं आणि मार खायचा मीनेनं."

"अगदी बरोबर."

"मग वारेला औषध दे."

"वारेला औषध नाही. गोळीने मीनाचं डोकं वाचतं, पाट काही रुंद होत नाही. तो खणायची वेळ गेली. आता उपाय एकच, वार बाहेर काढणं. आणि वार बाहेर म्हणजे पोरही बाहेर. ते अजून कच्चं आहे. म्हणून रोज बघायचं, आत ठेवण्यात धोका जास्त की काढण्यात."

हे ऐकल्यावर मोठ्या आई ओले पापड उचलायला वाकल्या. मीही पापड गोळा केले. त्या दिवसापासून आमच्या घरात सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असे. मीना आणि तिच्या पोटातलं मूल, दोघंही हाती लागतील ना?

मे महिन्यात एक दिवस इंदूताई कोणाच्या तरी मुंजीला मालगुंडला गेल्या. त्या सकाळी मीना उठली ती डोकं धरून. दोनदा उलटी झाली. छातीच्या खाली उजवीकडे दुखत होतं, डोळ्यांपुढे काजवे. आदल्या संध्याकाळी तिने फणसाचे गरे खाल्ले होते. मोठ्या आई म्हणाल्या, "पित्त." आजोबा म्हणाले, "पित्तच." आपल्या घरात एकमत क्वचित होतं, त्या दिवशी झालं. आमसुलं भिजत पडली. पित्तासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे कशाला जायचं, इंदू संध्याकाळी येईलच, असं ठरलं.

इंदूताई दुपारीच आल्या. मुंजीतलं जेवण टाकून आल्या होत्या, का ते त्यांनाही सांगता आलं नाही. रिक्षातून उतरून फाटक उघडत होत्या तोच मोठ्या आईंचा आवाज गेला, "पित्त उतरलं की झोप लागेल हो तुला."

"कोण म्हणालं?" फाटकातूनच आरोळी.

इंदूताई तशाच आत आल्या. त्यांनी मीनाचा हात घेतला, पट्टा बांधला, फुगवला. पारा खाली यायला लागला आणि त्या यंत्राकडे बघत राहिल्या. पुन्हा एकदा फुगवला. आणि ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या नाहीत तेव्हा मी घाबरले.

"मीना, मी नीट दिसते का तुला?"

"दोन दिसता, मावशी."

"एकच जास्त आहे म्हणतात लोक," त्या म्हणाल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळल्या. "वैनी, साडी बदलू नका. चला."

मोठ्या आई पेला घेऊन उभ्या. "अगो इंदू, निदान एवढं पाणी तरी पिऊ दे तिला."

इंदूताईंनी पेला घेतला, स्वतःच गटागटा प्यायल्या आणि रिकामा परत दिला. "छान झालंय. तिच्या पोटात आता काही जाता कामा नये. चला."

प्रसूतिगृहात सगळं भराभर झालं. फिटचा झटका येऊ नये म्हणून इंजेक्शन, बीपी उतरवायला दुसरं. काचेच्या नळीतली लघवी दह्यासारखी घट्ट झाली. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आणि मुलांच्या डॉक्टरांना फोन गेले. इंदूताई व्हरांड्यात माझ्यापाशी आल्या. "आत ठेवण्यात आता अर्थ नाही. यकृताला सूज आहे, झटका येऊ शकतो. वार मधेच सुटली तर आत रक्त जाईल आणि दोघंही हातची जातील. काढते."

"मूल?"

"लहान आहे. पण सध्या ते ज्या वारेच्या जिवावर आहे, तिच्यापेक्षा मी बरी."

मोठ्या आई मागाहून काठी टेकत आल्या आणि त्या बाकावर बसल्या. सगळी दुपार त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. नर्स मला हळूच म्हणाली, "ह्यांना कोणी सांगितला गप्प बसायला?"

मग आतून रडणं आलं. रडणं कसलं, मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी. सई, ती तू. दोन किलोसुद्धा नव्हतीस. मुलांचे डॉक्टर तुला उबेच्या पेटीत ठेवायला घेऊन गेले. थोड्या वेळाने इंदूताई बाहेर आल्या, हातात तो पांढरा ट्रे. "मुलगी आहे, रडली. मीना आत्ता ठीक आहे, पण पुढचे काही दिवस मी तिच्यावरून नजर हलवणार नाही. तुम्ही दोघी इकडे या."

खिडकीशी त्यांनी वार पसरली. मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, पण ही बरोबर नाही हे मलाही कळलं. आकाराने लहान. तांबड्या मऊ भागात जागोजाग फिकट, कडक चकत्या, शिळ्या भाकरीसारख्या. एका कडेला काळं साकळलेलं रक्त. "इथे पाणी पोचलं नाही, इथेही नाही. ही चकती जुनी, ही ताजी. आणि इथे सुटायला लागली होती, आज सकाळीच." इंदूताईंनी मधल्या लालसर भागावर बोट ठेवलं. "एवढ्यावर पोसली तुमची नात."

मोठ्या आईंनी त्या ट्रेला हात जोडले. मग म्हणाल्या, "दे, परसात पुरते."

आपल्याकडे तशी रीत होती. घरची वार परसात, खोल खड्डा करून पुरायची. इंदूताई एरवी देत असत, वर दगड ठेवा, कुत्री उकरतील, एवढं बजावून. त्या दिवशी म्हणाल्या, "ही नाही देत. बरणीत ठेवणार."

"आमच्या घरची वार तुझ्या कपाटात?"

"पुरलीत तर केळ पोसाल. माझ्याकडे ठेवलीत तर पित्तवाल्या सासवांना दाखवीन."

"लोक काय म्हणतील?"

"नाव लिहिणार नाही."

"मला ठाऊक असेल ना!"

हे भांडण मीना पडून होती तितके दिवस चाललं. मोठ्या आईंना बारावा दिवस गाठायचा होता, बारसं करायचं होतं. इंदूताई मीनाला सोडत नव्हत्या, कारण वार बाहेर आली तरी बीपी लगेच शहाण्यासारखं वागत नाही, नंतरही चढतं, नंतरही झटका येतो. बारसं लांबलं. शेवटी तडजोड झाली. बरणी इंदूताईंकडे राहील, मात्र सणासुदीला मोठ्या आई येऊन झाकणाला हळदकुंकू लावतील.

"लावा," इंदूताई म्हणाल्या, "बरणीला लावा. मला नको."

ह्या तडजोडीत काय घोळ आहे, हे दोघींनाही सुचलं नाही. औषधाच्या पाण्यात बुडवलेली वार, काचेची बरणी, झाकणावर ताजं हळदकुंकू, ठेवलेली देवाच्या तसबिरीशेजारी. काही महिन्यांत खेड्यांतून येणाऱ्या बायका आत शिरल्या की आधी बरणीला नमस्कार करायला लागल्या. कोणी फूल ठेवलं, कोणी सुपारी. विहीर बघणाऱ्या मालगुंडच्या आजींनी तर तिला नारळाचा नवस बोलला, आणि सून सुखरूप सुटल्यावर फेडायलाही आल्या.

इंदूताईंचा संताप बघण्यासारखा होता. "नमस्कार कसला करता? बघा तिच्याकडे! ही कोरडी जागा बघा! हिच्या पाया पडून काय होणार आहे?"

आजी शांतपणे म्हणाल्या, "पाया पडायला आल्याव म्हणून तर बघलाव, बाय. नायतर कोण बघणार व्हता?"

इंदूताईंनी नारळ ठेवून घेतला. त्यानंतर त्यांनी बायकांना नमस्कार करू दिला, आणि नमस्कार झाला की हात धरून बरणीपाशी थांबवलं. केळीचं पाणी, पाट, पाइप, सगळं सांगितलं. सई, तू सुट्टीत यायचीस तेव्हा तुलाही एकदा दाखवली होती. "ही तुझी पहिली खोली," त्या म्हणाल्या. तू विचारलंस, "एवढी अडगळ?" त्यांना ते इतकं आवडलं की पुढे त्या सगळ्यांना तुझं वाक्य सांगत.

मीनाला त्यांनी घरी पाठवताना बजावलं होतं, "वार गेली, पण जाताना सांगून गेली तुझ्या वाहिन्या कशा आहेत ते. पुढे वय झाल्यावर बीपी आणि हृदय दोन्ही जपावी लागतील. दरवर्षी हात दाखवायचा." मीना मुंबईत असली तरी तिच्या वाढदिवसाला इंदूताईंचा फोन येई. शुभेच्छा नाहीत. "वरचं किती, खालचं किती?"

ओंकारच्या वेळी त्यांनी मीनाला तिसऱ्या महिन्यापासून ती छोटी गोळी सुरू केली, ॲस्पिरिनची, जी आता सईला दिली आहे. ती सगळ्यांना लागू पडते असं नाही, पण खणायचं काम चालू असताना घेतली तर काही जणींत मदत होते, असं त्या म्हणाल्या होत्या. मीनाला झाली असावी. ओंकार पुऱ्या दिवसांचा, गुटगुटीत झाला. इंदूताईंनी त्याची वार खिडकीशी नेली, पसरली आणि अक्षरशः टाळ्या वाजवल्या. "काय सुंदर आहे! वैनी, या, बघा!" बराच वेळ कौतुक झाल्यावर त्यांना आठवण झाली. "हो, पोरगाही बरा आहे." ओंकार, तुझ्याविषयीचं पहिलं मत हे असं.

पुढे त्यांचे हात कापायला लागले. ज्या दिवशी पट्टा नीट बांधता आला नाही त्या दिवशी त्यांनी दवाखाना बंद केला, कोणाला काही सांगितलं नाही. पुण्याचा भाचा न्यायला आला. बरणी त्यांनी इथल्या एका नर्सिंगच्या शाळेला दिली. मी बरोबर गेले होते. तिथल्या बाई झाकणावरचे हळदकुंकवाचे थर पुसायला लागल्या. इंदूताई म्हणाल्या, "राहू दे ते. मुली विचारतील तरी, हे काय म्हणून."

त्यांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या दिवशी. गाडीत पुढच्या सीटवर बसल्या होत्या, दोन पायांच्या मध्ये माडाचं एक रोप, पोत्यात गुंडाळलेलं. पुण्याला माड नीट धरत नाही, हे भाचा सांगत होता, ड्रायव्हर सांगत होता, मीही सांगितलं. "धरला तर धरला," म्हणाल्या. मग आंबा घाटाने जायचं की दुसऱ्या वाटेने, यावरून ड्रायव्हरशी वाद सुरू झाला. मी खिडकीशी उभी होते. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. वाद संपला नव्हता, तोच गाडी सुटली. वळणावरून त्यांचा आवाज ऐकू येत होता.

पुढच्या पावसाळ्यात त्या पुण्यातच गेल्या. भाच्याने फोन केला. माड धरला नव्हता.

मोठ्या आई त्याआधीच गेल्या होत्या. प्रसूतिगृहाच्या जागी मोबाइलचं दुकान झालं आहे, वर शिकवणी चालते. बरणी नर्सिंगच्या शाळेत आहे, मागच्या महिन्यात जाऊन पाहिली. मीनाचं बीपी एका गोळीवर ताब्यात आहे. आणि सई, तू आहेस.